बाजारात जाऊन येतो

आमच्या कंपनीत एक नवीन पोरगी लागली आहे. ती हैदराबादेत बसते, मी रायपूरला तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात बसते, आणि रोज दुपारी जेवणानंतर मी तिला स्क्रीनवरून प्रोग्रामिंगमधले बारकावे शिकवते. पोरगी हुशार आहे. अर्धवट उत्तरावर ती समाधान मानत नाही, त्यामुळे ती मला आवडते आणि तिचा मला रागही येतो. परवा तिला क्लोजर शिकवायला घेतलं. मी आपली चौकोन काढून दाखवत होते, तर तिनं मधेच थांबवून विचारलं, "मॅम, बाहरवाला फंक्शन तो ख़तम हो चुका है ना? फिर उसके अंदर का ऑब्जेक्ट ज़िंदा कैसे है?"

हे काम करता करता माझे केस पांढरे झाले. उत्तर तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी ते मी दिलं नाही. नेट गेलं असं सांगून मी कॅमेरा बंद केला. आमच्या भागात नेट जातं हे खरंच आहे, पण त्या दुपारी ते बिचारं ठणठणीत होतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना आधी क्लोजर काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प्रोग्राममधल्या एकेका कामाला फंक्शन म्हणतात. कधी कधी एका फंक्शनच्या पोटात दुसरं छोटं फंक्शन तयार होतं. बाहेरचं आपलं काम आटोपून निघून जातं, पण आतलं मागे राहतं, आणि ते जिथं जन्मलं तिथल्या गोष्टी, म्हणजे आमच्या भाषेत ऑब्जेक्ट, घट्ट धरून ठेवतं. हे धरून ठेवणं म्हणजे क्लोजर. आता धरायच्याही दोन तऱ्हा. एक जेवणाच्या डब्यासारखी: सकाळी जी भाजी भरली, दुपारी उघडलं तरी तीच. दुसरी घराच्या किल्लीसारखी: कधीही दार उघडा, त्या घडीला घरात जे असेल ते दिसेल. जिथं किल्ली द्यायची तिथं डबा दिला की सगळा गोंधळ होतो. हाताखालच्या पोरांना मी यावरून इतकं फैलावर घेतलं आहे की माझ्या पाठीमागे ते मला काय म्हणत असतील ते मला माहीत आहे. आणि नेमकी हीच चूक मी आमच्याच घरात, आईच्या उशाशी करून ठेवली होती.

आईला विसर पडायला लागला तो हळूहळू. आधी डाळीत दोनदा मीठ, मग शेजारणीचं नाव, मग आज वार कोणता ते. शेवटी तिच्याकडे एकच प्रश्न उरला, "हे कुठं गेले?" हे म्हणजे बाबा. आमचे आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. बाबाही रेल्वेच्याच ऑफिसातून निवृत्त झाले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांचा पाय घरात ठरेना. सकाळी ब्राह्मणपाऱ्यातल्या देवळात, दुपारी खाली टपरीवर चहाला, संध्याकाळी गोल बाजारात. गोल बाजारात रोज उठून काय घ्यायचं असतं हे मला कधीच कळलं नाही. लिंबं, सुतळी, एखादी गाळणी. काही घ्यायचं नसलं की "भाव पाहून येतो" म्हणत.

बाबा बाहेर पडले की आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी. "हे कुठं गेले वं?" बाजारात. "बरं." वळायची, दोन पावलं टाकायची आणि परत, "हे कुठं गेले वं?" माझ्या अगदी नाकी नऊ आले. एकदा परदेशातल्या गिऱ्हाइकाशी बोलताना मी माईक चालू असल्याचं विसरून "बाजारात गेलेत!" असं ओरडले. पलीकडचा गृहस्थ घाबरून गप्प झाला आणि नंतर त्यानं आमच्या सगळ्या मागण्या निमूट मान्य केल्या.

म्हणून मी ते बटण बनवलं. आईच्या दिवाणाला एक मोठं लाल बटण लावलं, शेजारी छोटासा स्पीकर ठेवला. बाबांच्या फोनवर चार मोठे चौकोन करून दिले: बाजार, देऊळ, चहा, घर. बाहेर पडताना बाबांनी त्यातल्या एकावर बोट ठेवायचं, परत आल्यावर घराच्या चौकोनावर. आईनं लाल बटण दाबलं की बाबांच्याच आवाजात उत्तर यायचं.

आवाज भरायला बसलो तेव्हा आमचं वाजलं. मी बाबांना वाक्यं लिहून दिली होती, बाजारात गेलो, देवळात गेलो, वगैरे. शिवाय एक जास्तीचं, नुसतं "गेलो". कशातच बसलं नाही तर शेवटी काहीतरी बोलायला हवं म्हणून. असा एक शेवटचा पर्याय प्रत्येक प्रोग्राममध्ये लागतोच. तो नसला तर मी पोरांचं काम परत पाठवते.

बाबांनी कागद बाजूला ठेवला. "घरातून निघताना गेलो म्हणत नसतात. येतो म्हणतात."

"बाबा, हे मशीन आहे."

"मशीन असन. आवाज तं माहा आहे ना?"

त्यांच्यापुढे मी हात टेकले. त्यांनी त्यांच्या मनासारखीच वाक्यं भरली. खिडकीत उभं राहून "मी जरा गोल बाजारात जाऊन येतो" म्हणाले, तेव्हा खालून एका स्कूटरचा हॉर्न वाजला, तोही त्यात आला. मग "देवळात जाऊन येतो". मग "खाली चहा पिऊन येतो". घराचं वाक्य भरताना ते स्वयंपाकघरात चहात साखर ढवळत होते. "मी घरीच आहो. काय पायजे?" आणि मागे चमच्याची किणकिण. मी म्हटलं, पुन्हा भरू, चमचा वाजतो आहे. "राहू दे," म्हणाले, "चहा थंडा होऊन राहिला." गेलो हे त्यांनी शेवटपर्यंत भरलंच नाही. मीही सोडून दिलं.

आईनं पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा ती दचकली. मग तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. स्पीकरकडे पाहून ती म्हणाली, "या." आमच्याकडे कुणी येतो म्हणून निघालं की घरातल्यानं या किंवा ये म्हणायचंच, त्याशिवाय जाणारा उंबरा ओलांडत नाही. बाकी सगळं विसरलेल्या आईला तेवढं पक्कं आठवत होतं. बटण, आवाज, "या". दिवसभर तेच चालायचं, आणि माझ्या दारात कुणी यायचं नाही.

चूक कळायला वेळ लागला, कारण बाबा तसेही बहुतेक वेळ बाजारातच असत. झालं असं होतं की बटण जोडताना, त्या क्षणी बाबा जिथं होते तेवढी जागाच मी क्लोजरच्या हाती दिली होती. डबा. बाबा तेव्हा गोल बाजारात होते. त्यामुळे पुढे ते कुठंही जावोत, बटण एकच बोलणार.

एका रविवारी बाबा आंघोळ करून दिवाणाच्या पायथ्याशी बनियनवर पेपर वाचत बसले होते. आईनं बटण दाबलं. "मी जरा गोल बाजारात जाऊन येतो." आईनं समोर पाहिलं. घाईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "हे बाजारात गेलेत. तुम्ही बसा ना, येतीलच इतक्यात." मग मला हाक मारली, "अवं, पाव्हणे आले. चहा टाक."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी पेपरची घडी केली, शर्ट चढवला आणि पाहुण्यासारखे ताठ बसले. मी पाहुण्यांचे कप काढले. आईनं विचारलं, कुठून आले? "वर्ध्याकडचा आहो," बाबा म्हणाले. "हेही तिकडचेच," आई म्हणाली. "हव का?" बाबांनी नवल वाटल्यासारखी मान हलवली. चहा झाला. बाबा उठले, आईला नमस्कार केला, म्हणाले, "येतो मी." आई म्हणाली, "या, हे भेटले असते तर बरं झालं असतं." बाबा दार लोटून बाहेर गेले आणि मी बोलावीपर्यंत जिन्यात उभे राहिले.

स्वयंपाकघरात येऊन ते पोट धरून हसले. "तुह्या मशीननं मले घरातून काढलं वं पोरी," म्हणाले, आणि हसता हसता गमछ्यानं डोळे पुसत राहिले. बराच वेळ पुसत राहिले. हसावं की रडावं हे मलाही कळेना.

त्याच दुपारी बसून मी ते दुरुस्त केलं. बदल एका शब्दाचा. बाबांची जागा देण्याऐवजी मी क्लोजरच्या हाती बाबाच दिले, म्हणजे ज्या ऑब्जेक्टमध्ये त्यांची सगळी माहिती होती ते अख्खं ऑब्जेक्ट. आता बटण दाबलं की ते दर वेळी बाबांकडे जाणार, आत्ता कुठं आहात विचारणार, आणि मग बोलणार. बाबांनी घराच्या चौकोनावर बोट ठेवलं. आईनं बटण दाबलं. "मी घरीच आहो. काय पायजे?" आईनं मान वळवून पाहिलं, तर बाबा समोर. "काही नाही," ती म्हणाली. "बसा." माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतरचे महिने आमच्या घरातले फार चांगले महिने होते. मला तेव्हा ते कळलं नाही. बटणाचा आवाज सारखा ऐकून माझं डोकं उठायचं.

एका संध्याकाळी बाबांनी बाजाराच्या चौकोनावर बोट ठेवलं, पिशवी घेतली, आईला येतो म्हणाले, आई या म्हणाली. गोल बाजारात भांड्यांच्या दुकानांपुढे ते खाली बसले ते पुन्हा उठलेच नाहीत. एका भांडेवाल्यानं त्यांना आपल्या दुकानात गादीवर निजवलं आणि त्यांच्याच फोनवरून मला बोलावलं. मी पोचले तेव्हा ते माझ्याशी काही बोलले नाहीत. दवाखान्यातून आम्ही त्यांना घरी आणलं, तेव्हा त्यांच्या पिशवीत लिंबं होती आणि चहाची एक नवी गाळणी. घरात तीन गाळण्या होत्या.

भाऊ पुण्याहून आला. माणसं जमली. त्या गर्दीत आई विचारत होती, "कोण गेलं वं?" कुणीतरी तिला सांगितलं. ती जमिनीवर पडून रडली. बाबांना नेलं, आम्ही आंघोळी केल्या, दिवा लावला. दिवा लागल्यावर आई दिवाणावर जाऊन बसली. इकडे तिकडे पाहिलं आणि तिचा अंगठा बटणावर गेला.

"मी जरा गोल बाजारात जाऊन येतो." मागे स्कूटरचा हॉर्न.

"या," आई म्हणाली.

भाऊ उठून गॅलरीत गेला.

मी काही केलं नव्हतं. कुणीच काही केलं नव्हतं. बाबा बाजार सांगून निघाले आणि घराच्या चौकोनावर बोट ठेवायला परत आले नाहीत, एवढंच. माझा दुरुस्त केलेला प्रोग्राम चोख चालत होता. आमच्या धंद्यात अशी रीत आहे की ज्या ऑब्जेक्टला कुणीच धरलेलं नाही ते मशीन आपोआप झाडून टाकतं. पण एकानंही धरून ठेवलं असेल, तर बाहेरचं सगळं आटोपलं तरी त्याला हात लावत नाही. आमच्या बाहेरचं सगळं आटोपलं होतं. तिसऱ्या दिवशी राखही खारून नदीत सोडून झाली. दिवाणावरचं ते लाल बटण मात्र बाबांना धरून बसलं होतं.

"दीदी, ये बंद करो," भाऊ म्हणाला. त्याला मराठी सगळं कळतं, बोलतो हिंदीत, आईशीही. "ये धोखा है। उनको सच बताओ।"

सांगितलं. दोघांनी मिळून, तिचे हात हातात घेऊन सांगितलं. तिनं ऊर बडवून घेतला, जणू पहिल्यांदाच ऐकत होती. संध्याकाळी तिनं बटण दाबलं, बाबा बाजारात असल्याचं ऐकलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे बाजारात आहेत," ती म्हणाली. "तू असं अभद्र काहून बोलली?" मग माझ्या हातचं जेवण तिनं घेतलं नाही. भावाच्या हातचं घेतलं. सांगताना तोही होता, पण त्याचं ती विसरली होती आणि माझं नव्हती.

तेरवी झाली, भाऊ गेला. दूर राहणाऱ्यांना खरं बोलणं परवडतं. इथं माझ्या नशिबी रोजची संध्याकाळ होती. त्याचं ऐकून एकदा मी वायर काढूनही पाहिली. आई दाबत राहिली. अंगठा लाल झाला तरी दाबत राहिली. "बोला ना हो," म्हणत राहिली. फसवणूक म्हणा की आणखी काही, माझ्याच हातांनी मी ती वायर परत जोडली.

मग बाबा बाजारातच राहिले. आई सकाळी उठून सवयीनं कुंकू लावायची, भेटायला येणाऱ्या बायका एकमेकींकडे पाहायच्या, मी चहा पुढे करायची. आणि मला काय झालं होतं ते सांगते. मी रडलेच नव्हते. घरात दिवसभर माणूस येतो येतो म्हणत असेल तर त्याच्या नावानं रडायचं कसं? संध्याकाळी बटणाचा आवाज आला की माझीही नजर घड्याळाकडे जायची, आता यायला हवेत. आधण तिघांचं पडायचं. तिसरा कप भरल्यावर लक्षात यायचं आणि मग तो मीच पिऊन टाकायची.

एका दुपारी मी मीटिंग संपवून बाहेर आले तर दिवाण रिकामा. दार सताड उघडं, आईच्या चपला जागच्या जागी. जिना, टपरी, गल्ली, सगळीकडे पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. तोच भांडेवाला. "दीदी, माताजी इधर हैं। बाबूजी को पूछ रही हैं।"

मी स्कूटी काढली. गोल बाजाराच्या त्या गर्दीत आई भांड्यांच्या दुकानापुढे स्टुलावर बसली होती. पाय अनवाणी, टाचेतून रक्त, आणि जाणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडाकडे ती पाहत होती. मला पाहून म्हणाली, "लई उशीर झाला ना, म्हणून पाहाले आली. मले म्हणाले येतो, अन आलेच नाहीत." बाबा जिथं खाली बसले तिथून ती हातभर अंतरावर होती. भांडेवाला मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "हम क्या बोलते दीदी, बोल दिए अभी अभी निकले हैं।" त्याचे डोळे भरले होते.

"घरी पोचले असतील," मी आईला म्हटलं. आतापर्यंत खोटं मशीन बोलत होतं, मी नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. तीही गेली.

घरी आणून मी तिचे पाय परातीत घेतले, हळद घातलेल्या कोमट पाण्यानं धुतले. तिचा हात बटणाकडे जायला लागला तसं मला कळलं की आता हे बाजार म्हणालं तर उद्या ती पुन्हा जाणार. रस्ता ओलांडून जाणार, दर वेळी भांडेवाला भेटणार नाही. मी तिचा हात धरून ठेवला आणि कपाटातून बाबांचा फोन काढला. तो मी चार्ज करून ठेवत होते, कशासाठी ते विचारू नका. चार चौकोन. देऊळ म्हणावं तर ती देवळात जाईल. चहा म्हणावं तर जिन्यावरून पडेल. पाचवा, 'गेलो'चा चौकोन हवा होता आणि तो बाबांनी मला करू दिला नव्हता. मी घराच्या चौकोनावर बोट ठेवलं.

आईनं बटण दाबलं.

"मी घरीच आहो. काय पायजे?" मागे चमच्याची किणकिण.

तिचा चेहरा उजळला. परातीतून ओले पाय काढून ती उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली, चमचा वाजला होता ना. मी टॉवेल हातात धरून बसून राहिले. "अहो," तिनं हाक मारली. मग मागच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग न्हाणीघराचं. मग ती गॅलरीत गेली, वाळत घातलेली चादर बाजूला करून पाहिली. परत आली, पडद्यामागे पाहिलं, पुन्हा स्वयंपाकघरात गेली. सगळ्या घरात तिची ओली पावलं उमटली होती. तिला अडवायला हवं होतं, मी अडवलं नाही.

खूप वेळानं ती येऊन दिवाणावर बसली. "नाहीत," म्हणाली.

मी टॉवेलानं तिचे पाय पुसायला घेतले.

"समदं घर पाहिलं. घरी असते तं दिसले असते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत तिनं माझ्याकडे तसं, मला ओळखून, पाहिलं नव्हतं. "गेले ना?"

"हो आई."

"तुले माहीत होतं?"

"हो."

ती माझ्याजवळ सरकली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मंग इतके दिवस तू एकटीच रडून राहिली होती काय वं?"

मी तिच्या मांडीत डोकं घातलं. ओला टॉवेल, हळदीचं पाणी, कशाची शुद्ध राहिली नाही. लहानपणी शाळेत पडून आल्यावर रडायचे तशी मोठ्यानं रडले. बाबा गेले, बाबा गेले, असं तोंडानं म्हणत रडले. आई रडली नाही. ती माझी पाठ थोपटत होती आणि म्हणत होती, "मी आहो ना. मी आहो." त्या एका संध्याकाळी मला माझी आई परत मिळाली होती, पूर्ण, जशी होती तशी.

सकाळी ती सगळं विसरली होती. कुंकू लावलं, दिवाणावर बसली, मला विचारलं, "हे कुठं गेले वं?" तिनं बटण दाबलं. "मी घरीच आहो. काय पायजे?" ती उठली तर धरायला मी जवळ गेले. पण ती उठली नाही. पायांना फडकी बांधली होती म्हणून असेल, किंवा आत कुठंतरी काही उरलं असेल, मला सांगता येणार नाही. "काही नाही," ती म्हणाली. "बसा." आणि उन्हाकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवसापासून ती दाराकडे पाहत नाही.

परवा मी कॅमेरा बंद केला त्यामागे हे सगळं होतं. काल पोरीनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. ती सोडणारी नाही. मी सांगितलं, "कोई उसे पकड़े हुए है, इसलिए।"

"और जिसने पकड़ा है, वो भी चला गया तो?"

"तब कुछ नहीं बचता," मी म्हटलं, आणि तिला पुढचा धडा दिला.

पलीकडच्या खोलीत दिवसातून कितीतरी वेळा बाबांचा आवाज होतो. मी घरीच आहो. काय पायजे? आई म्हणते, काही नाही. मी या भिंतीआड हातातलं काम थांबवते. मला कुणी विचारलेलं नसतं, तरी मी दर वेळी उत्तर देते. तुम्ही, बाबा. तुम्ही पाहिजे.